शंकासूर

मॉडेलचा अंदाज ९८ टक्के बरोबर आला की प्रयोगशाळेतली तरुण पोरं टाळ्या पिटतात आणि शंकासुराचा चेहरा पडतो.

हा गृहस्थ मूळचा नारायण पेठेतला, शिक्षण संख्याशास्त्राचं, मुक्काम कॅलिफोर्नियात ला होयाला. लस टोचली की कुणाच्या अंगात प्रतिपिंडं भरपूर तयार होणार आणि कुणाच्या बेताची, हे आधीच सांगणारी मॉडेलं बांधणं ही त्याची नोकरी. त्यानं पिपेटला हात लावला की शेजारचे आपापल्या नळ्या लांब सरकवतात. त्याच्याकडे येतात ते फक्त आकडे: टोचण्याआधीच्या रक्ताचे, मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाचे.

या धंद्याची गोम अशी, की माणसं मोजकी आणि मोजमापं अमाप. सुमारे २०,००० जनुकांपैकी कोणतं किती जागं झालं याचे आकडे प्रत्येकाचे हजर; पण पुन्हा पुन्हा दंड पुढे करणारे परोपकारी जीव पंचवीस-तीस. एवढ्या गर्दीत कुठलं तरी जनुक निव्वळ योगायोगानं प्रतिपिंडांच्या तालावर नाचताना सापडतंच. शंकासूर म्हणतो, "मला वीस हजार आकडे द्या, कुणाची चप्पल कधी तुटली ते बिनचूक सांगतो. तुटलेल्या चपलांचं हं. पायातल्या चपलेचं विचारू नका."

एकदा खरंच ९८ आले. पोरांनी केक मागवला. हा रात्रभर आकड्यांत डोकं घालून बसला आणि सकाळी निदान घेऊन आला: जास्त प्रतिपिंडवाल्यांच्या बहुतेक नळ्या यंत्रात मंगळवारी गेल्या होत्या, उरलेल्या शुक्रवारी. मॉडेल रोगप्रतिकारशक्ती नव्हे, वार ओळखायला शिकलं होतं. पोरं सुतकात. केक त्यानंच कापला, आणि मोठा तुकडा घेतला.

घरच्यांनाही यातून सूट नाही. पुण्याहून बहिणीचा फोन आला, "अरे दादा, आपल्या बाळ्याला दहावीत ९८ टक्के!"

"सराव परीक्षेतलेच प्रश्न आले होते का गं?"

"पेपर फुटला होता म्हणतोस?"

"तसं नाही. पण मॉडेलनं उत्तरं आधीच पाहिलेली असली तर—"

बाळ्याला मॉडेल म्हटल्याबद्दल बहिणीनं पुढची भाऊबीज कोरडी काढली. "अगदी नव्या प्रश्नांवर ८१ मिळाले असते तर मीच पेढे वाटले असते," असं तो अजून म्हणतो. तेही फोनवर.

त्याच्या भक्तीला पात्र ठरलेला निबंध एकच, २००९ सालचा. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात बाली पुलेंद्रन आणि सहकाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीवर केलेला. ही तीच १७डी लस, जिच्या कामाबद्दल मॅक्स थायलरना १९५१ चं नोबेल मिळालं. लस टोचल्यावर आठवड्याभरातल्या रक्तात कोणती जनुकं जागी होतात, त्यावरून पुढे टी-पेशींचा प्रतिसाद किती जोरात येईल ते या मंडळींनी ९० टक्क्यांपर्यंत ओळखलं. त्यांच्या यादीत एक अनपेक्षित जनुक निघालं: पेशीची उपासमार झाली की कामाला लागणारं जीसीएन२. त्याचा लशीशी काय संबंध, याचा छडा मग उंदरांवरच्या प्रयोगांत लागला. ऐकणारा या उपाशी जनुकाच्या गोष्टीत रंगून जातो आणि शंकासूर हात वर करून त्याला थांबवतो. "ते राहू द्या हो. आधी १५ माणसांवर शिकले आणि मग वेगळ्याच १० जणांवर परीक्षा दिली! वेगळ्याच!" हे म्हणताना त्याचा गळा दाटतो. टी-पेशींसाठी कधी दाटला नाही.

ला होयातच डांग्या खोकल्याच्या बूस्टरवर भाकितांच्या स्पर्धा भरतात. नव्या माणसांची लशीआधीची मोजमापं हातात द्यायची, निकाल झाकून ठेवायचे आणि प्रतिपिंडांत कोण वर, कोण खाली ती क्रमवारी लावायला सांगायची. पेपर फुटायची सोयच नाही, त्यामुळे याला तेव्हा गणपतीपेक्षा जास्त उत्साह. या अभ्यासात माणसाला तान्हेपणी अख्ख्या जिवाणूची जुनी लस मिळाली की अमेरिकेनं १९९० च्या दशकात आणलेली नवी, हे महत्त्वाचं. तो फरक मोठेपणीही रक्तात दिसतो. तेव्हापासून महाराष्ट्र मंडळात हा दिसेल त्या बाईला विचारतो, "तुमचा जन्म पंच्याण्णवच्या आधीचा का? आणि इथला की तिकडचा? तिकडे सरकारी लस अजून जुन्याच पद्धतीची आहे, म्हणून विचारलं." बायका बटाटेवड्याच्या रांगेतून बाहेर पडतात.

अशा भाकितांत तुलनेला एक अडाणी मॉडेल ठेवतात: वय बघा, आधीची पातळी बघा, झालं. भल्याभल्यांना त्याला हरवणं जड जातं. शंकासुराचं, महिनोन् महिने शिजवलेलं, त्याच्यापुढे आडवं झालं. संध्याकाळी तो घरी श्रीखंड घेऊन आला.

लग्नाच्या वेळीही त्यानं चांगल्या आकड्यावर अशीच शंका घेतली होती. आईनं आणलेल्या पहिल्या स्थळाशी छत्तीसपैकी चौतीस गुण जुळत होते. "इतकं जुळतंय म्हणजे कुठेतरी गडबड आहे," म्हणून त्यानं नकार कळवला आणि एकोणीस गुणांची मुलगी पसंत केली. परवा जेवताना मोठ्या कौतुकानं आम्हाला सांगत होता, "सुरुवातीचा आकडा बेताचा होता, पण दरवर्षीच्या नव्या डेटावर टिकलाय."

"तुलनेला दुसरा गट कुठाय?" बायकोनं आमटी वाढता वाढता विचारलं.

त्यानं घास खाली ठेवला. "मुद्दा बरोबर आहे तुझा," तो म्हणाला, आणि कागद शोधायला उठला.