समुद्रसपाटीपासूनची उंची

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे, असं सगळे अभिमानाने सांगतात. त्यातले बहुतेक फूट एसटी चढते, हे मात्र कुणी सांगत नाही. आपण स्टँडवर उतरतो, कणीस खातो आणि ‘इथली हवाच वेगळी’ म्हणतो. भाईंदरला अशी सूट नाही. तिथला डोंगर थेट समुद्रातूनच वर येतो. माथा फार उंच नसला तरी जेवढा आहे तेवढा सगळा आपला आपण चढायचा. बरोबर बाळ्या असला तर दोनदा.

बाळ्या माझा कॉलेजातला मित्र. सत्तरीला टेकला, नातवंडं झाली, तरी बाळ्याच. निवृत्तीनंतर माणसं मोतीबिंदू काढून घेतात, बँकेत पासबुक भरायला जातात. याने डोंगर धरले. ‘मोकळी हवा खायला ये,’ असा त्याचा मीरा रोडहून फोन आला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती आणि नंतर कुणी गाव सोडून गेल्याचं ऐकिवात नाही. तिथे हवा मोकळी सापडायची तर ती माणूस पोचणार नाही अशाच ठिकाणी असणार.

सकाळी निघताना वहिनींनी पिशवीत चिक्की, काकड्या आणि दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब घातली. ‘भावजी, तुम्ही आलात ते बरं झालं. हे एकटे गेले की मला काळजी वाटते,’ म्हणाल्या. आता त्यांना काळजी वाटणार नव्हती. ते काम माझ्याकडे आलं होतं.

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस उभी होती. खिडकीची जागा रिकामी. बाळ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘सात-आठ किलोमीटर तर आहे. बस काय, वाटेत मिळेलच की!’ वाटेत ती मिळाली हे खरं. आमच्या शेजारून पुढे गेली. खिडकीतल्या बाई आमच्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या नजरेत मला कुतूहलापेक्षा कीवच जास्त दिसली.

मुर्धा, राई, मोर्वा. मीरा रोडचे टॉवर मागे पडले आणि कौलारू घरं, विहिरी, केळी दिसू लागल्या. मध्येच मिठागरं लागली. भरतीला खाडीचं खारं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, एकातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हात आटवायचं, की तळाशी मीठ उरतं, असं बाळ्याने समजावून सांगितलं. समजावण्याची गरज नव्हती. माझ्या शर्टाच्या पाठीवर तोच उद्योग चालू होता.

डोंगरीपासून चढ. नावातच सगळं सांगून ठेवलेलं गाव! बाळ्या पुढे, हाफपँट आणि चपला घालून, आणि मागे मी, दुकानदाराने ‘खास ट्रेकिंगचे’ म्हणून गळ्यात मारलेल्या बुटांत. वाळलेल्या गवतातली कुसळं मोज्यांत शिरली. एक काढायला वाकलो की दोन आत जायची. शेवटी मी दगडावर बसून मोजा उलटा केला, तर टाचेपासून घोट्यापर्यंत बारीक, काळ्या टोकांची फौज उभी रुतलेली. बाळ्याने वरून हाक मारली, ‘काय रे, दहाच मिनिटं राहिलीत!’ बाळ्याची दहा मिनिटं हे वेळेचं माप नाही. ते बोलावणं आहे.

सपाटीवर बाळ्या इतिहासाबाबत गप्प असतो. इतिहास त्याला चढावरच आठवतो, कारण समोरच्याला उलट बोलायला श्वास नसतो. आम्ही चौकच्या धारावी किल्ल्याकडे निघालो होतो. ही धारावी माहीमशेजारची नव्हे. उत्तन, पाली, चौक ज्या बेटावर आहेत ती धारावी. वर किल्ला म्हणून आता फार काही उरलेलं नाही. चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला. तो पाहिला की बाळ्याचं निम्मं भाषण आपोआप कळतं. खाडीचं तोंड या टेकडीच्या टाचेखाली आहे. इथे तोफा चढवल्या की समुद्रातून वसईला जाणारी रसद अडते.

‘सांग, तू तोफ कुठे रोखली असतीस?’ बाळ्याने विचारलं.

माझ्या मनात एक जागा होती. ती अगदी जवळ उभी होती.

मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत हे ठाणं एकदा घेतलं, पोर्तुगीजांनी ते परत मिळवलं, आणि मराठ्यांनी १७३९ च्या मार्चमध्ये पुन्हा घेतलं. त्याच मे महिन्यात वसई पडली. इतिहासकार याची लष्करी कारणं देतात. मला वाटतं, त्या फौजेतही एखादा बाळ्या असावा. एवढ्या चढाला दुसऱ्यांदा भिडायचं, तर ‘त्या बाजूने वाट जास्त छान आहे’ असं म्हणणारं कुणीतरी लागतंच. आम्ही उतरलो आणि त्या बाजूनेही चढलो. वाट जास्त छान नव्हती.

उत्तनच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा माझे गुडघे आपापला निर्णय घेऊ लागले होते. बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत होते, वारा तोच वास घेऊन फिरत होता. बाळ्या एका मावशींशी भाव करू लागला. मी जवळच एक रिकामी, स्वच्छ, उन्हाची जागा पाहून आडवा झालो.

‘बाबा, उठा जरा,’ मावशी म्हणाल्या. ‘हितं मासळी टाकायचीय.’

मी दोन हात सरकलो.

‘अरे, एक सांगायचं राहिलं,’ बाळ्या सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात देत म्हणाला. ‘फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झालीय. उद्या पहिल्या बोटीने पलीकडे. तिथून तुंगारेश्वर. दोन हजार फुटांच्या वर! खरा डोंगर तो. आज आपलं नुसतं पाय मोकळे करणं.’

मी मावशींकडे वळलो. त्यांचा सगळा जन्म दर्यावर गेला होता. वाऱ्याची, ढगांची पारख त्यांच्याइतकी कुणाला असणार?

‘मावशी, उद्या समुद्र खवळेल असं काही वाटतं का हो? थोडंसं?’

मावशींनी कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला आशा वाटू लागली.

‘नाय बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘आठ दिस काय बी व्हायचं नाय. खुशाल जा.’