वाक्य निघालं एकीकडे, पोचलं भलतीकडे

अहो वहिनी, कढीपत्ता नेताय ना? न्या हो, झाड नुसतं माजलंय. आणि ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या काकू काल फाटकात भेटल्या. म्हणाल्या, "आमची धाकटी सून, तिला मी आजवर एका शब्दाने, जाऊ दे, नवा कुकर आणलाय, वेगळा!"

वाक्याची तऱ्हा बघा! सून बिचारी प्रथमेत उभी राहिली ती राहिलीच. मग 'तिला' आलं, 'मी' कर्ता होऊन बसलं, त्याचं क्रियापद काही आलं नाही आणि शेवटी निघाला कुकर. वहीत असतं तर मी लाल पेन्सिलच घेतली असती. पण त्या घरात काय शिजतंय ते कळलं की नाही? धड बोलल्या असत्या तर एवढं कळलं नसतं!

तुमचे हे, त्यांना वाटेल, हा अडाणीपणा. तसं नाही हो. ग्रीकांनी याला नाव दिलंय, अ‍ॅनाकोलुथॉन. मुद्दाम केलं की अलंकार. आपले शास्त्री जरा कडक. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त भग्नप्रक्रम दोषांत घातला: ज्या धाटणीने सुरुवात केली ती पुढे मोडली की दोष. अगदी हेच नव्हे, पण भावकीतलंच. मला विचाराल तर मम्मट फारच सोवळा.

शेक्सपिअरचा लिअर घ्या. दुसऱ्या अंकात दोघी मुली त्याच्या लवाजम्यावर घासाघीस करतात. शंभर माणसं होती, पन्नास करा, पंचवीस पुरेत, शेवटी एक तरी कशाला हवा म्हणतात! म्हातारा सूड घेईन म्हणून गरजतो, आणि काय करीन ते सांगायची वेळ आली की वाक्य तुटतं. दुसरं धरतो, तेही हातचं सुटतं. मग कबूलच करतो, काय करीन ते अजून मलाच ठाऊक नाही. राज्य आधीच वाटून टाकलेलं, आता वाक्यही ताब्यात नाही. ते पुरं झालं असतं तर नुसती धमकी उरली असती.

आपल्याकडे तेंडुलकरांच्या नाटकांतली माणसंही अशीच अडखळत, तुटत बोलतात. पाठांतर करताना नट वैतागत असतील.

हल्लीच्या कथांत जागोजागी तीन टिंबं पेरतात, ते मात्र मला पटत नाही. टिंबांनी वाक्य नुसतं रेंगाळतं. मोडायचं तर आधी ते ठाम निघायला हवं, आणि मधेच बोलणाऱ्याला काहीतरी आठवायला हवं, जे बोलायचं नव्हतं.

नातवाच्या निबंधात असलं वाक्य दिसलं तर खुशाल दुरुस्त करा, परीक्षेत मार्क जातात. पण शाळेतून रडवेला येऊन काही सांगत असेल, तर 'आधी वाक्य नीट बोल' म्हणून त्याला अडवू नका हं.