समईपुढे प्रोजेक्टर

पुठ्ठ्याच्या प्रोजेक्टरवर चित्र दिसतं का? दिसतं. ते बघवतं का, हा प्रश्न वेगळा, आणि विकणारा त्याच्या वाटेला जात नाही. खोक्यावर छापलेला पडदा शंभर इंची, समोर चौकोनी कुटुंब, चौघांचेही दात दिसताहेत. खोक्यात घड्यांचा पुठ्ठा, प्लॅस्टिकचं एक भिंग आणि दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. फोन, भिंत आणि अंधार गिऱ्हाइकाने आपले आणायचे. फोन घरोघरी आहे, भिंतीही आहेत. अंधाराचंच कठीण.

पेडण्याला ताईकडे भाच्याने चवथीच्या संध्याकाळी हा संच जोडला. जोडणी चोख. माटोळीला सुपारीची शिपटी बांधणाऱ्या हातांना पुठ्ठा म्हणजे काय! पण भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून फोन खाली डोकं वर पाय करून ठेवावा लागतो. फोन भलता शहाणा. तो उलटा केला की आतलं चित्र आपणहून सुलटं करून घेतो. त्याची ती खोड सेटिंगमध्ये जाऊन मोडली, तेव्हा भिंतीवर क्रिकेटची मॅच उभी राहिली खरी, पण आरशातली. सगळे फलंदाज डावखुरे आणि धावफलक वाचायचा तर भिंतीच्या पलीकडे जाऊन.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांना ही कटकट नव्हती. 1892 च्या सुमारास मुलांना हाताशी धरून त्यांनी ‘शांबरिक खरोलिके’चे (जादूच्या कंदिलाचे) खेळ सुरू केले, म्हणजे लूमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत पोचायच्याही चारेक वर्षं आधी. त्यांची चित्रं काचेवर हाताने रंगवलेली. उजेड काचेतून आरपार जातो, त्यामुळे काच पालथी घातली की उजवं-डावं जागेवर येतं. फोन पालथा घातला की फक्त त्याचं कव्हर दिसतं.

भाच्याने यावरही तोड काढली. भावजींचं पूजेचं पातळ धोतर दोरीवर टाकून त्याचा पडदा केला आणि आम्हा सगळ्यांना पलीकडून बघायला बसवलं. अक्षरं सुलटी झाली! विज्ञानाचा विजय झाला. मात्र उरलासुरला उजेड धोतराने खाल्ला.

हिशेब साधा आहे. सहा इंची चित्र साठ इंची केलं की लांबी-रुंदी दहापट, क्षेत्रफळ शंभरपट. तेवढाच उजेड शंभरपट जागेवर पसरायचा. त्यात फोनचा उजेड चहूकडे फाकतो, भिंगाच्या तोंडात त्यातला चिमूटभरच शिरतो. नऊ वॉटचा एलईडी बल्ब आठ-नऊशे ल्युमेन देतो, साधी मेणबत्ती बाराच्या आसपास. आमचा प्रोजेक्टर मेणबत्तीच्याही खाली. भिंग फोनजवळ नेलं की चित्र मोठं होतं आणि फिकटतं, लांब नेलं की उजळतं आणि आक्रसतं. मधोमध खेळाडू स्पष्ट, कडेचे सीमारेषेवरचे धुक्यात.

ट्यूब बंद केली. लुकलुकत्या माळा काढल्या. शेजारच्यांच्या दिव्यावर खिडकी लावून घेतली. राहिली गणपतीपुढची समई. पाच वातींची, तेलाने तुडुंब. भाच्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तोवर ताईच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘देवाला काळोखात बसवून तुम्ही क्रिकेट बघणार?’’

विषय तिथेच मिटला. पावसाळी पाखरांनीही आपला कौल दिला. धोतरावर एकही बसलं नाही, सगळी समईभोवती.

पेडण्याचा प्रेक्षक खरं तर दिलदार. दशावतारात त्याला एकच बाकडं कधी सिंहासन दिसतं, कधी डोंगर, कधी राजाचा पलंग. चित्र अंधुक म्हणून तो उठून जाणारा नव्हे. पण दशावतारी नट निदान खणखणीत बोलतो. इथे फोनचा स्पीकर पुठ्ठ्यात कोंडलेला, सर्दी झाल्यासारखा. आरतीच्या ताटातले पंचखाद्य संपले तशी मंडळी पांगली.

हौसेने प्रोजेक्टर करणारे खमके लोक होऊन गेलेत. वीसेक वर्षांपूर्वी ते जुन्या मॉनिटरचा एलसीडी सोलून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवत. ते चालायचं, कारण खाली भट्टीसारखा दिवा असे. एलसीडी त्यातला बहुतेक उजेड गिळून टाकी, काच तापे, पंखा लावावा लागे, आणि पंख्याच्या घरघरीत संवाद जात. तरी त्यांनी दिव्यावर पैसे घातले, हे महत्त्वाचं. आज पाच-सात हजारांत तयार प्रोजेक्टर मिळतात, तेही निदान स्वतःचा दिवा घेऊन येतात. त्यांवर मोठ्या अक्षरांत 1080 आणि शेजारी बारकं ‘सपोर्ट’ असतं. म्हणजे तेवढं चित्र आत घेतो म्हणे, बाहेर मात्र पुष्कळदा 480 ओळींचंच काढतो. असला खाऊन वाळलेला पाहुणा आमच्या नात्यातही आहे.

डिचोलीला परतताना भाच्याने खोका माझ्या पिशवीत कोंबला. ‘‘मामा, तुम्ही न्या. तुमच्याकडे वीज जास्त जाते.’’

मुलगा हुशार आहे. आठवड्याच्या आत वीज गेली. ढग भरून आलेले, गल्लीत ठार काळोख, घरात समईही नव्हती. वायफाय वीज जाताच गेलं होतं, पण फोनमध्ये उतरवून ठेवलेला एक सिनेमा होता. धोतर टांगलं, खोका स्टुलावर मांडला, फोन उलटा करून आत घालणार, तोच स्वयंपाकघरातून हाक आली, ‘‘अहो, तो फोन इकडे धरा आधी. बांगडे अर्धे कापून झालेत.’’