परांची बांधलीच आहे तर

ब्रिटिश हवामान खात्याचं मुख्यालय 1961 पासून आमच्या ब्रॅकनेलला होतं. 2003 साली ते एक्सेटरला हललं. जाताना संगणक नेले, नकाशे नेले, शास्त्रज्ञ नेले. थंडी तेवढी न्यायची राहिली. ती सध्या आमच्या पुढच्या बेडरूममध्ये असते.

लंडनच्या गर्दीवर उतारा म्हणून 1949 साली ब्रॅकनेल 'न्यू टाउन' ठरलं आणि पुढची तीसेक वर्षं इथं घरांच्या ओळीच्या ओळी उठल्या. आमची त्यातलीच एक. खाली वीट, वर लाकडी सांगाडा आणि त्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे क्लॅडिंग. आमच्या पट्ट्या उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या (ब्रॅकनेलमध्ये, उन्हानं!) आणि वारा सुटला की त्यातली एक रात्रभर टाळ कुटायची. पट्ट्या बदलून घ्यायच्या, एवढाच माफक बेत होता.

कारागिरानं दोन पट्ट्या उचकटल्या, आत डोकावला आणि दातांतून श्वास आत ओढला. इथल्या कारागिरानं असा श्वास ओढला की शे-पाचशे पौंड वाढले असं समजायचं. आत डांबरी कागदाच्या चिंध्या आणि काचलोकरीचा एक पातळ थर. तोही घसरून तळाशी गोळा होऊन बसलेला. म्हणजे वरच्या भागात आम्ही आणि अख्खं बर्कशायर यांच्यामध्ये एक प्लास्टरबोर्ड सोडला तर काही नव्हतं.

"परांची बांधायचीच आहे," नवरा म्हणाला, "तर एवीतेवी बाहेरून इन्सुलेशनपण लावून टाकू."

या वाक्यानं आजवर आमच्या घराण्यात भल्याभल्यांची शिल्लक संपवली आहे. फरशी उकरलीच आहे तर नळ बदलू, नळ बदललेच आहेत तर बेसिन. पण गंमत अशी की इंग्लंडच्या सरकारनं याचा नियमच करून ठेवलाय! भिंतीचं निम्म्याहून जास्त आवरण बदलायला काढलं की, खर्च आवाक्यातला असेल तर, इन्सुलेशनही सुधारावं लागतं. भिंतीची यू-व्हॅल्यू 0.30 पर्यंत आणायची. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट ऊब पळते, तो हा आकडा; जुन्या भरीव विटेच्या भिंतीतून दोनच्या आसपास पळते. वर 31 मार्च 2027 पर्यंत घराच्या इन्सुलेशनवर व्हॅट शून्य. नुसत्या पट्ट्या बदलल्या तर 20 टक्के. आमच्याकडं शून्य ऐकल्यावर पुढं चर्चा होत नाही.

देवरुखहून आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, व्हिडिओ कॉलवर भिंत पाहिली. "म्हणजे पत्रे मारताय!" त्यांना हा विषय नवा नव्हता. कोकणात पश्चिमेच्या भिंतीला पत्रे मारतात. त्याआधी मृगापूर्वी माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे. "पण पत्रा पश्चिमेला मारतात. तुम्ही उत्तरेला कशाला?"

"पावसासाठी नाही आप्पा, थंडी आत येऊ नये म्हणून."

"अगो, थंडी कुठली आत येते? ऊब बाहेर जाते." आप्पा निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. साडेचार हजार मैलांवरून त्यांनी माझा एक मार्क कापला.

शेजारच्या आजीबाईंनी चहा घेता घेता एकच विचारलं, "हे पेट घेतं का?" 2017 साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये क्लॅडिंगमुळं पसरलेल्या आगीत 72 माणसं गेली, तेव्हापासून या देशात क्लॅडिंग म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो यायलाच हवा. आम्ही दगडी लोकर घेतली. फोमच्या बोर्डापेक्षा ती जाड लागते, पण जळत नाही आणि भिंतीतली वाफही अडवत नाही.

हे वाफेचं प्रकरण मोठं. पाहणीला आलेल्या बाईंनी स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, "तुमच्याकडं रोज स्वयंपाक होतो?" तेवढ्यात कुकरनं शिट्टी देऊन परस्पर उत्तर दिलं. घर घट्ट मिटलं आणि हवा खेळती ठेवली नाही तर कुकरची, आंघोळीची, दोरीवरच्या कपड्यांची सगळी वाफ भिंतींना बुरशी आणते. 2025 च्या ऑक्टोबरात इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं की दोन सरकारी योजनांत बाहेरून इन्सुलेशन लावलेल्या घरांपैकी 98 टक्क्यांत मोठे दोष आहेत. अठ्ठ्याण्णव! आमच्या शाळेत एवढ्या टक्क्यांना पेढे वाटले असते, आणि घरी उरलेले दोन कुठं गेले म्हणून विचारलं असतं. आम्ही पैसे देऊन बाईंच्या पसंतीचा एग्झॉस्ट फॅन आधी बसवला.

भिंत चार इंच बाहेर आली की तिला चिकटलेलं सगळंच बाहेर यावं लागतं. पन्हळीचा पाइप, दाराचा दिवा, खिडकीखालची कड. बॉयलरचं धुराडं लांबवायला परवानाधारक गॅसवाला वेगळा. वळचण मुळातच आखूड, तीही वाढवायची. एवढ्यावर थांबेल तो नवरा कसला? आमचं घर ओळीच्या टोकाचं, तेव्हा बाजूची विटांची भिंतही घेऊ म्हणाला. त्या बाजूनं कचऱ्याचा डबा न्यायची बोळ आहे. मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल काढून चार इंच जाडीचा थर भिंतीला चिकटवला आणि त्याला म्हटलं, आता डबा ने. डबा गेला. डब्याच्या मुठीवरची बोटं गेली नाहीत. बाजूची भिंत रद्द झाली.

ठरल्या दिवशी भर पावसात परांचीवाले आले, लोखंडी नळ्यांचा खणखणाट करून दुपारपर्यंत काम उरकून गेले. संध्याकाळी आजीबाई दारात हजर. परांची उभी आहेच, तर त्यांच्या पन्हळीतला पालापाचोळा कुणी काढून देईल का? पलीकडच्या घराला डिश जराशी फिरवून हवी होती. त्यापलीकडच्यांचा चेंडू गेल्या उन्हाळ्यापासून छपरावर होता.