रेफरन्स नको, हस्तलिखित द्या

मराठी पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात जा आणि नव्या कादंबऱ्यांच्या टेबलाशी पाच मिनिटं उभे राहा. पाठमोरी बाई. पाठमोरी बाई आणि झाड. खिडकी, खिडकीत पाठमोरी बाई. झाड, त्यावरून उडालेले चार पक्षी. कथा विदर्भातल्या कापसाची असो की लंडनमधल्या घटस्फोटाची, चित्र तेच. मुखपृष्ठकारांना चित्र काढता येत नाही म्हणून हे होत नाही. त्यांचे हात चांगले तयार आहेत. होतं ते असं. प्रकाशकाकडून फोन जातो, ‘‘बाईच्या एकटेपणावर पुस्तक आहे, परवापर्यंत द्या.’’ इकडून विचारणा होते, ‘‘एखादा रेफरन्स पाठवता का?’’ मग व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याशा इंग्रजी कादंबरीचं मुखपृष्ठ येतं, खाली दोन शब्द : ‘साधारण असं.’ झालं काम. या सगळ्या व्यवहारात पुस्तक कुणी उघडलेलं नसतं.

माझं भांडण या ‘साधारण असं’शी आहे.

दुसऱ्याचं काम बघू नये असं कोण म्हणेल? बघावंच, आणि पोटभर बघावं. छायाचित्रण आणि ग्राफिक डिझाइन ही दोन्ही क्षेत्रं एकमेकांचं बघूनच वाढली. प्रश्न एवढाच, की बघून झाल्यावर उचलायचं काय?

मार्टिन मुंकाची हा हंगेरीचा छायाचित्रकार, सुरुवातीला खेळांचे फोटो काढायचा. 1930च्या सुमारास त्याने टांगानिका सरोवराच्या काठी एक फोटो काढला. तीन उघडी पोरं लाटेत धाव घेताहेत; हातपाय हवेत, अंगं काळ्या आकृतींसारखी, भोवती पाण्याचा पांढरा फेस. तीही पाठमोरीच आहेत, बरं का. पाठमोऱ्या माणसाशी माझं काही वैर नाही. हा फोटो आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाच्या पाहण्यात आला. तो तेव्हा विशीतला, चित्रकार व्हायला निघालेला, आंद्रे लोतच्या चित्रशाळेत रेषा आणि भूमितीचे धडे घेतलेला. त्या एका फोटोने आपल्यात ठिणगी टाकली, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

मग त्याने काय केलं? सरोवर शोधलं नाही, पोरंही नाहीत. 1932 साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे, कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीला कॅमेऱ्याचं भिंग लावून त्याने एक फोटो काढला. तो आज जगभर माहीत आहे, म्हणूनच तो नीट कुणी बघत नाही. आपण बघू. साचलेलं पाणी आहे. पाण्यात एक शिडी आडवी पडलेली. तिच्यावरून एका माणसाने पलीकडे उडी टाकली आहे. त्याच्या पुढच्या पायाची टाच पाण्याला अजून लागलेली नाही; टाच आणि तिचं प्रतिबिंब यांच्यामध्ये जरासं अंतर उरलंय. पाण्यात कसल्याशा लोखंडी पट्टीची अर्धवर्तुळं. आणि मागे, भिंतीवर, एक भित्तिपत्रक. त्यात एक नर्तिका उडी घेतेय, जवळपास याच माणसाच्या ढंगात, पण उलट्या दिशेला. कुणा अनाम डिझायनरचं ते पोस्टर त्या फोटोत अर्धं काम करून जातं. ते झाकून बघा, फोटो निम्मा होतो.

मुंकाचीच्या फोटोतलं यात काय आलं? धावणारं शरीर एका क्षणी पक्की आकृती बनतं आणि कॅमेरा ती धरू शकतो, एवढी एक गोष्ट. बाकी सगळं पॅरिसचं, त्या दिवसाचं, त्या डबक्याचं.

हीच गोष्ट पुढे कशी सरकली तेही बघण्यासारखं आहे. 1966 साली कार्तिए-ब्रेसाँ जयपुरात काम करत होता. तिथल्याच रघुबीर सिंग या तरुण छायाचित्रकाराने त्याला काम करताना जवळून पाहिलं. गर्दीत कसं शिरायचं, कुठे थांबायचं, हे त्याने घेतलं. पण गुरूचा काळा-पांढरा त्याने घेतला नाही. भारत रंगात बघितला पाहिजे, यावर तो ठाम राहिला, आणि रंग शिकायला तो गेला कुणाकडे? मुघल आणि राजपूत लघुचित्रांकडे. 1999 साली तो गेला. त्यानंतर अँबॅसडर गाडीवरचं त्याचं पुस्तक आलं. गाडीची काच, दाराची कड, आरसा यांनी चौकटीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळा प्रसंग चाललेला असतो. लघुचित्रातही महालाच्या प्रत्येक दालनात असंच काहीतरी वेगळं चाललेलं असतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची चौकट त्याला अँबॅसडरच्या दारात सापडली. असं सापडायला आधी लघुचित्रं डोळ्यांत मुरलेली लागतात. ‘इंडिया कलर फोटोग्राफी’ असा शोध टाकून ते मिळत नाही.

आता पुस्तकाच्याच मुखपृष्ठाकडे येतो, कारण राग तिथून सुरू झाला.

सत्यजित राय सिनेमात येण्याआधी व्यवसायाने ग्राफिक डिझायनर होते. 1943 साली ते कलकत्त्यातल्या डी. जे. किमर या जाहिरात कंपनीत लागले, आणि सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करायचे. त्याआधी शांतिनिकेतनात शिकत असताना अजिंठा, वेरूळ, घारापुरी पायाखाली घालून आले होते. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंतल्या नरभक्षकांच्या पुस्तकाचं बंगाली भाषांतर निघालं, तेव्हा मुखपृष्ठ त्यांच्याकडे आलं. कुणीही काय केलं असतं? जबडा वासलेला वाघ, बंदूकधारी साहेब, मागे जंगल. राय यांनी अख्ख्या पुस्तकाला वाघाचं कातडं पांघरलं. पुढच्या बाजूला गोळी आत शिरल्याचं भोक आणि मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचं भोक, जास्त मोठं. गोळी बाहेर पडताना जखम मोठी करते, हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकाला पुढची बाजू असते तशी मागचीही असते, आणि मधल्या पानांतून काहीतरी आरपार जाऊ शकतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. यात ना वाघ दिसतो, ना शिकारी, तरी दोघेही तिथे आहेत. ही कल्पना दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला लावून बघा. लागत नाही. मुखपृष्ठाची माझ्यापुरती हीच कसोटी आहे.

आणि याच माणसाला ‘पथेर पांचाली’चा सिनेमा कुठे दिसला? त्या कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं करताना. म्हणजे नेमून दिलेलं काम करताना, मजकूर वाचताना. वाचल्याशिवाय चित्रं काढायची त्यांची पद्धत असती, तर आपण एका मोठ्या सिनेमाला मुकलो असतो.

आधी मजकुरात शिरायची पद्धत आपल्याकडेही होती, आणि ती फार जुनी गोष्ट नाही. अक्षरकार कमल शेडगे 2020 साली गेले. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती म्हणजे काळ्या-पांढऱ्यातली टीचभर जागा. ‘गारंबीचा बापू’ असो की ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, शेडग्यांनी हाताने काढलेलं शीर्षक बघितलं की नाटक कुठल्या जातकुळीचं आहे ते तिकिटाआधी कळायचं. एका नाटकाचं अक्षर दुसऱ्याला चाललं नसतं. आज सिनेमाच्या पोस्टरवर ऐतिहासिक म्हटलं की तीच तलवारीच्या पात्यासारखी वेलांटी आणि तोच खरवडलेला सोनेरी रंग. सोनेरी रंगाला माझी हरकत नाही. पण दहाव्या पोस्टरवर तीच वेलांटी दिसली, की कळतं, डिझायनर इतिहासाकडे गेलाच नाही, नवव्या पोस्टरकडे गेला.

इतिहासाकडे गेलं तर काय मिळतं, ते सुलेखनकार अच्युत पालव यांनी दाखवलंय. त्यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला. मोडी लिहिताना हात उचलायचा नाही, अक्षर पुढच्या अक्षरात वळून जातं, ती धाव त्यांनी देवनागरीत आणली. र. कृ. जोशी यांनी जाहिरात क्षेत्रात कमावलेली नजर संगणकापर्यंत नेली. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ अक्षरांत मराठी वाचली, ती त्यांचीच. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी ‘मोदक’ नावाचा फाँट केला. त्यातला ‘ब’ किंवा ‘क’ मोठा करून बघा : अक्षर इतकं फुगलंय की पोटातली पोकळी बारीक फटीएवढी उरलीय, आणि तरीही ते वाचता येतं. किती फुगवलं तरी अक्षर अक्षर राहील, याची हद्द शोधायला अक्षर आतून माहीत असावं लागतं. फाँट फुकट उतरवून घेता येतो. ती माहिती उतरवून घेता येत नाही.

डिझाइन शिकणाऱ्या मुलांबद्दल मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यांची चूक सर्वांत कमी आहे. त्यांना पहिल्याच वर्षी मूडबोर्ड करायला सांगतात आणि मूडबोर्ड म्हणजे पिंटरेस्टवरची वीस चित्रं. वीसच्या वीस दुसऱ्या डिझायनरांची. कुणी सांगत नाही की वीसपैकी एकही चित्र स्क्रीनवरचं नको. मुंबईत जेजे कलाशाळेच्या आवारातून बाहेर पडलं की दोन पावलांवर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. तिच्या दारांवर शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत. केली कुणी, तर जेजेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी. कमानीच्या अर्धवर्तुळात इतकी माणसं बसवायची तर कोण वाकेल, कोण उभं राहील, हा लेआऊटचाच प्रश्न आहे, आणि तो दगडात सोडवलाय. किती विद्यार्थी खाली उभे राहून त्याचं रेखाटन करतात?

पुण्यातल्यांनी राजा केळकर संग्रहालयात जावं आणि फक्त अडकित्ते बघावेत. बाकीचं पुढच्या वेळी. अडकित्त्याला दोन दांडे, एक खिळा, एक पातं. याहून जास्त काही लागत नाही. एवढ्यात कारागिरांनी पोपट, घोडे, माणसांच्या जोड्या बसवल्या. खिळा जिथे यायचा तिथेच पक्ष्याची मान वळते, आणि दांडा मिटला की शेपूट पुरी होते. नक्षी वरून चिकटवलेली नाही, ती उघडमिटीतून निघालीय. बोधचिन्हं करणाऱ्या माणसाने एका दुपारी इथं बसून दहा अडकित्ते कागदावर उतरवले, तर त्याला लोगोंच्या कुठल्याही संग्रहाची गरज उरणार नाही.

छायाचित्रकारांनो, तुम्हीही यातून सुटलेले नाही. आषाढी आली की वारीत कॅमेऱ्यांची दिंडी निघते. दिवे घाटाचा उंचावरून फोटो. रिंगणातला चारी पाय उचललेला घोडा. डोक्यावर तुळस घेतलेली सुरकुतलेली आजी, मागचं सगळं धूसर. गेल्या वर्षी जे बक्षीसपात्र ठरलं तेच यंदा टिपायला माणसं पहाटेपासून जागा धरतात. अहो, लाखो माणसं पंढरपूरला चालत निघालीत, त्यांच्या मुक्कामाचा अख्खा संसार ट्रकमधून पुढे जातो. दिंडी पोचायच्या आत चुली पेटवायला स्वयंपाकाची माणसं आधीच निघून जातात. ती मोकळ्या माळावर उतरतात तेव्हा तिथे एकही कॅमेरा नसतो. तुमचा फोटो तिथे आहे, असं मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दिवे घाटातला तुमचा नाही, हे नक्की.

आता तर रेफरन्स शोधायचाही त्रास उरला नाही. वाक्य टाइप करा, यंत्र चित्र काढून देतं. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे दहीहंडीचं, वाढदिवसाचं, श्रद्धांजलीचंही चित्र यंत्राचं येऊ लागलंय. याने धास्तावलेले डिझायनर भेटतात, त्यांची धास्ती खरी आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं ‘साधारण असं’ याच मापाने काम दिलं आणि घेतलं, त्यांनी यंत्राची वाट आधीच सपाट करून ठेवली होती. ‘साधारण असं’ यंत्राला उत्तम जमतं. वाघाच्या कातड्यातलं मागचं मोठं भोक त्याच्याकडे मागायचं, तर आधी ते आपल्याला सुचलेलं असावं लागतं.

म्हणून दोष मी एकट्या कलाकारावर टाकणार नाही. काम देणाऱ्यांनो, मुख्य मागणी तुमच्याकडे आहे. मुखपृष्ठकाराला सारांश देऊ नका, हस्तलिखित द्या, आणि ते वाचायला लागणारे दिवस मानधनात धरा. लेखकाशी त्याची एकदा भेट घालून द्या. नाटकाच्या जाहिरातीसाठी अक्षरं करणाऱ्याला तालमीला बोलवा. दुकानाची पाटी करणाऱ्याला दिवसभर दुकानात बसू द्या. वारीला फोटोग्राफर पाठवत असाल तर पहिला मुक्काम ते शेवटचा मुक्काम पाठवा, एका दुपारपुरता नको. आणि तो माणूस कच्चा नमुना घेऊन आला, की ‘असं कुठे पाहिल्यासारखं वाटत नाही हो’ या एका कारणासाठी तो परत पाठवू नका.