हेवी काढायचं आहे

मोटार कुणीही कुणाकडूनही शिकावी. सासऱ्याकडून शिकावी, मेहुण्याची गाडी भिंतीला घासत शिकावी, कायद्याची ना नाही. ट्रकचं तसं नाही. परवानाधारक स्कूलनं दिलेला फॉर्म ५ चा दाखला जोडल्याशिवाय आरटीओत ट्रकचा अर्ज पुढं सरकत नाही. म्हणूनच आमच्या कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर टू-व्हीलर, फोर-व्हीलर वगैरे मंडळी कोपऱ्यात अंग चोरून उभी असतात आणि मधोमध 'हेवी' मांडी ठोकून बसलेलं असतं.

माझ्या भाच्याला हेवी काढायचं होतं. तो गांधीनगरातले कापडाचे तागे छोट्या हत्तीवरून पोचवतो. वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन काढून वर्ष उलटलेलं, म्हणजे कायद्याच्या दोन्ही अटींत बसणारा. पूर्वी आठवी पासचीही अट होती. तिच्याच धाकावर माझ्या बहिणीनं गारगोटीत त्याला आठवीपर्यंत ओढत नेला, आणि २०१९ साली सरकारनं ती अटच काढून टाकली. "वाया गेलं की रे दादा सगळं शिक्षण," असं फोनवर म्हणून तिनं स्कूल निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी बँकेतून निवृत्त झालेला, आणि बँकेतल्या माणसाला कागद कळतात असा आमच्या घराण्यात समज आहे.

आधी ही निवडानिवडच नव्हती. माझे एक चुलते शाहूपुरीतल्या गुळाच्या गाडीवर किन्नर म्हणून चढले. फी नाही, पावती नाही. टायरवर टॉमी हाणून आवाजावरनं हवा ओळखायची, ताडपत्री ओढून दोर आवळायचा, गाडी मागं घेताना 'येऊ दे, येऊ दे, बस्स!' म्हणून ओरडायचं आणि उस्तादाच्या शिव्या निमूट खायच्या. अशी काही वर्षं गेल्यावर एका रात्री पुण्याच्या अलीकडं उस्तादाला झोप आवरेना, आणि चुलत्यांचा प्रात्यक्षिकाचा पहिला तास भरला. पद्धत बेकायदा होती, पण तिच्यात एक चांगलं होतं. शिकवणारा त्याच गाडीत झोपलेला असायचा.

पहिल्या स्कूलच्या मालकानं आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाला, "दोन पॅकेज हायत. शिकून, न्हाईतर न शिकता."

न शिकायचं पॅकेज महाग होतं. कारण विचारलं.

"त्यात आमाला लई कष्ट पडतात, साहेब."

मी आदल्या रात्री सरकारी शुल्काचा हिशेब मांडून ठेवला होता. शिकाऊ परवान्याचे १५०, चाचणीचे ३००, जुन्या लायसनला नवा वर्ग जोडायचे ५००, वर किरकोळ. सगळं मिळून हजाराच्या आसपास. वरचे एवढे हजार कशाचे, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "हेवीचे," तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी मी सरळ विचारलं, "गाडी प्रत्यक्षात किती तास हातात मिळणार?" मालकानं मान वर केली, मुनीमानं मान वर केली, दारात उभ्या असलेल्या पोरानं पान थुंकायचं थांबवलं. हा प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदाच आला असावा.

"तास न्हाई मोजत आमी. राऊंड मोजतो."

"राऊंड म्हणजे केवढा?"

"जाऊन परत येईस्तोवर."

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्यावसायिक वाहनासाठी निदान ३० दिवसांचं शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान १५ तास सांगितलेत. कुणी किती तास चालवली त्याची नोंद फॉर्म १५ मध्ये ठेवायची असते. मी ते रजिस्टर मागितलं. त्यानं आढेवेढे न घेता पुढं केलं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही, आणि येत्या आठवड्याचे तासही भरून तयार. बँकेत इतकी वर्षं काढली, पण मुदतीआधी पूर्ण झालेलं एवढं काम मी पाहिलं नव्हतं.

तरी भाच्याच्या आग्रहाखातर एक राऊंड बघायला गेलो. केबिनमध्ये पोरं दाटीवाटीनं बसलेली. एकाच्या हातात स्टेअरिंग, बाकीचे मोबाइलवर. नियमांतल्या अभ्यासक्रमात चालकांसाठी जनसंपर्क नावाचा एक भाग आहे. रस्त्यावरच्या लोकांशी सौजन्यानं कसं वागावं, हे त्यात शिकवायचं. तावडे हॉटेलपाशी एक मोपेडवाला आडवा आला. मास्तरनं काचेतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून त्याच्या तीन पिढ्यांशी संपर्क साधला. पोरांनी मोबाइल खाली ठेवून ऐकलं. तेवढा भाग तरी तिथं मन लावून शिकवत असावेत.

मग मी पुण्याचं नाव काढलं. भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं आणली, तिथं अवजड वाहनाचा ३८ तासांचा, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो, सिम्युलेटर असतो, आणि तिथून पास झालं की आरटीओची चाचणी माफ. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. "कोल्हापूरचा पोरगा ट्रक शिकायला पुण्याला? लोक काय म्हणतील?"

शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यानं तिकडची गंमत सांगितली. फेब्रुवारी २०२२ पासून तिथं नव्या ट्रकचालकाला नोंदणीकृत संस्थेतच शिकावं लागतं, पण तास किती ते केंद्र सरकारनं ठरवलेलंच नाही. मास्तर म्हणेल तेव्हा तयार. म्हणजे तिथं तास ऐच्छिक आणि शिकणं सक्तीचं. आपण नेमकं उलट धरलंय. शिवाय कित्येक कंपन्या फी स्वतः भरतात आणि बदल्यात वर्षभर कामाला बांधून घेतात.

"मामा, ही तर उचल," भाचा म्हणाला.

त्याला उचल चांगली माहीत होती, कारण तशी एक दारात आलेलीच होती. उसाच्या गाड्या असलेले एक अण्णा त्याची पूर्ण फी द्यायला तयार होते. फक्त कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत त्यानं त्यांच्या गाडीवर बसायचं. पगार? "बघू की, घरचंच हाय." आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, पण ज्याचा हप्ता, मुदत आणि व्याज तिन्ही 'बघू की' आहे, असा एकही मंजूर केला नाही. अण्णांना नमस्कार करून आलो.

शेवटी उचगावच्या बाजूला एक म्हातारा ड्रायव्हर भेटला. एकच जुनी सहाचाकी, तिला नियमाप्रमाणं मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक. त्यानं मला काही विचारलं नाही, भाच्याला विचारलं.

"फोंडा घाट उतरताना गाडी कशात असत्या रं?"

"न्यूट्रल. डिझेल वाचतंय."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग शांतपणे मला म्हणाला, "ह्याच्याकडनं मी जादा घेणार."

एवढ्या भटकंतीत अज्ञान बघून दर लावणारा हा पहिला माणूस. भरलेली गाडी ज्या गिअरात चढते त्याच गिअरात उतरवायची, इंजिनानं तिला धरून ठेवायचं. नुसत्या ब्रेकवर सोडली तर ड्रम तापतात आणि खालच्या वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही, हे त्यानं टेबलावर काडेपेटी घसरवत तिथल्या तिथं शिकवलं. भाचा पहिल्यांदाच मोबाइल खिशात घालून ऐकत होता.

फीचं मी बँकेच्या शिस्तीनं ठरवलं. निम्मी आत्ता, निम्मी १५ तास खरोखर भरल्यावर. म्हातारा लगेच तयार झाला.

"पर तास मोजणार कोण?"

मीच. रोज सकाळी केबिनमध्ये खिडकीशी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. भाचा घामाघूम होऊन गाडी मागं घेई, म्हातारा आरशाकडं बोट दाखवी, मी मिनिटं लिही. चहाची वेळ वजा करत असे. १५ तास भरले त्या दिवशी वही मिटली आणि राहिलेली निम्मी रक्कम मोजून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती परत मोजली, खिशात घातली, आणि तरी हात पुढंच.

"साहेब, तुमीबी पंधरा तास बसलासा की. बसायचं निम्मं धरू काय?"

मी पावती मागितली.