नाना वर बोलतात

बारामती-इंदापूर पट्ट्यात दर दोन गावांमागे एक नाना असतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन फोन आणि त्यांत मंत्रालयापर्यंतचे नंबर. ऊसतोड लांबली, डीपी जळाला, कालव्याचं आवर्तन हुकलं, की लोक नानांच्या ओट्यावर. नाना ऐकून घेतात, चहा पाजतात आणि म्हणतात, “काळजी करू नका. वर बोलतो.” वर नेमकं कोण असतं हे विचारायचं नसतं. निम्मी कामं होतात. ती बहुधा तशीही होणारच असतात, पण हे नानांच्या ओट्यावर बसून बोलायची सोय नाही.

आमच्या नानांचं वजन पहिल्यांदा कमी भरलं ते सप्टेंबर २०२२मध्ये. लम्पी आला आणि सरकारनं अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र करून टाकला. गुरांचे बाजार बंद, ने-आण बंद, शर्यती बंद. बैलगाडा शर्यतींना सुप्रीम कोर्टाची परवानगी मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि त्या आनंदात नानांनी सांगोल्याकडचा एक खिल्लार खोंड ठरवून ठेवला होता. तो आणायला त्यांनी पार वरपर्यंत फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर : “नाना, दुसरं काहीही सांगा.” या रोगाचा तालुकाध्यक्ष कोण, तेच नानांना कळेना.

पुढं पुतण्याला न्यू जर्सीत नोकरी लागली. सूनबाईंनी स्पष्ट सांगितलं, टायगर येणार नसेल तर मीही येणार नाही. टायगर म्हणजे भिगवणच्या मासळी बाजारातून उचलून आणलेलं गावठी कुत्रं. दिवसा जर्शी गाईच्या मागं, रात्री गोठ्यात कडब्यावर. नाना हसले. “आरं, व्हिसा माणसाला लागतो. कुत्र्याला कोण विचारतंय?”

अमेरिका विचारते. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या तिच्या यादीत भारत आहे आणि १ ऑगस्ट २०२४पासून नियम आणखी कडक झाले. आधी कातडीखाली चिप, मग लस, लसीनंतर ३० दिवसांनी रक्त, ते मान्य प्रयोगशाळेत, रक्त काढल्यापासून २८ दिवस थांबणं, उतरायचं ठरावीक विमानतळावरच, आणि तिथल्या प्राणी केंद्रात जागा आधीच राखलेली. नानांनी यादी ऐकली आणि म्हणाले, “तीस दिवसांचे पंधरा करून घेऊ.”

काम लवकर उरकावं म्हणून ते स्वतः टायगरला घेऊन गेले आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत लस टोचून घेतली. चिप काय, मागनं बसवू! पण चिपेच्या आधीची लस अमेरिकेच्या हिशेबी टोचलेलीच नसते. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुतण्या एकटाच पुढं गेला. सूनबाई कुत्र्यासह मागं राहिल्या आणि नानांशी ‘जेवण वाढलंय’ एवढंच बोलू लागल्या.

चिप बसल्यावर मात्र नाना जरा खुलले. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडे, नानांच्या आधार कार्डावर १२ आणि टायगरच्या मानेत १५! हा हिशेब त्यांनी दूध डेअरीवर रांगेतल्या प्रत्येकाला ऐकवला. नंबर तर पाठच केला.

शेवटी निघाला गुरांचा लाळ्या-खुरकूत. कुत्र्याला तो रोग होत नाही, पण त्याच्या पायांच्या चिखलातून, अंथरुणातल्या गवतातून विषाणू गाव बदलू शकतो. म्हणून हा रोग असलेल्या देशातून अमेरिकेत येणाऱ्या कुत्र्याचे पाय आणि केस स्वच्छ हवेत, अंथरुणात कडबा-गवत नको, मुक्कामी पोचल्या पोचल्या अंघोळ आणि निदान पाच दिवस गुराढोरांपासून लांब. नानांना हे फार लागलं. “माझ्या गोठ्यातला चिखल? सहा महिन्यांनी लस देतोय मी!” दोन दिवस धुसफूस झाली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बादली घेऊन बसले आणि टायगरच्या बोटांच्या बेचक्यांतली माती जुन्या टूथब्रशनं काढू लागले. टायगर हात चाटत होता, नाना त्याला शिव्या देत होते. निघेपर्यंत त्याला गोठ्याचं दार बंद. झोपायला नानांची जुनी शाल.

मुंबईत पशुसंगरोधाच्या बाईंसमोर नानांनी सवयीनं फोन बाहेर काढला. बाईंनी टायगरच्या मानेवरून यंत्र फिरवलं, आकडे कागदाशी ताडले आणि सही केली. नानांनी फोन खिशात ठेवला.

आता डेअरीवर कुणी विचारलं तर “वर बोललो, म्हणून गेलं” असं ते सांगतात. आम्हीही मान हलवतो.

टायगर पोचला त्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. नानांनी पहिलं काय विचारलं? अंघोळ. मग चारही पाय कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. पुतण्या म्हणाला, “नाना, तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, इथं गुरं कुठली?”

“न्यू जर्सीत जर्श्या नाहीत, हे मला शिकवतो?” नाना गरजले. “पाच दिवस म्हणजे पाच दिवस. सवलत मागू नकोस.”